चौकोनात काय भरायचं? 'देश' लिहायच्या चिनी अक्षराची पार्श्वभूमी

चिनी लिपीत 'देश' लिहायचं तर बाहेर एक चौकोन काढतात, ती सीमा समजा, आणि आत काय भरायचं यावर फार पूर्वीपासून घोळ आहे. त्यातलं सगळ्यात भारी रूप म्हणजे आत 'आठ' आणि 'दिशा' ही अक्षरं एकाखाली एक बसवलेलं.

ते आलं वू झेतियानमुळे. चीनच्या इतिहासात स्वतः सम्राट म्हणवून घेतलेली ही एकमेव बाई, 690 ते 705. त्याच्या आदल्याच वर्षी नात्यातल्या झोंग छिनखनं तिला 12 नवी अक्षरं करून दिली, पुढे अजून भर पडली. तिच्या नावासाठी काय, तर वर सूर्य-चंद्र आणि खाली आकाश, म्हणजे हौसेला मोल नाही! 'देश'चा किस्सा असा सांगतात की जुन्या अक्षराच्या आतला भाग 'गोंधळ'सारखा दिसतो अशी कोणीतरी कुरकुर केली, मग आत बाईंचं आडनाव 'वू' घालायचं ठरलं, तेवढ्यात दुसरा म्हणाला अहो चौकोनात माणूस घातला की 'कैदी' होतो, आडनाव कशाला कोंडताय? झालं, आडनाव बाहेर, आठ दिशा आत. खरंखोटं देव जाणे, पण दरबारी लोक असेच असतात.

705 ला सत्ता गेली आणि चीनमध्ये ही अक्षरं बाद झाली, पण तोवर काही पोथ्यांमधून बाहेर पडली होती. कोरियात ग्योंगजूच्या बुल्गुक्सा मंदिरातल्या स्तूपात 1966 ला एक छापील धारणीसूत्र (बौद्ध मंत्रांची पोथी) सापडलं, त्यात बाईंची काही अक्षरं आहेत, आणि ते छापलं कोरियात की चीनमध्ये यावरून दोन्हीकडचे अभ्यासक अजून भांडतायत.

जपानमध्ये मितोचा सरदार तोकुगावा मित्सुकुनी (1628-1701) आधी नावात साधा 'देश' लिहायचा, नंतर त्यानं आठ दिशावाला घेतला, क्योतोच्या होनकोकुजी देवळाच्या नावातही त्याच्यामुळे तोच आला. हा माणूस टीव्हीमुळे 'मितो कोमोन' म्हणून घराघरात पोचलाय, त्यामुळे तिथे अक्षर ओळखीचं, वापर मात्र जवळपास अशा नावांपुरताच.

बाकी तैवान, हाँगकाँगात जुनंच रूप चालतं, कोरियातही हांजा, म्हणजे तिथे वापरतात ती चिनी अक्षरं, लिहायची वेळ आली तर तेच. चीननं 1956 च्या सोप्या अक्षरांत चौकोनात 'जेड' टाकला, जपाननंही महायुद्धानंतर तेच रूप घेतलं. एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये बंड केलेल्या ताइपिंगवाल्यांनी तर आत नुसता 'राजा' बसवला होता. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या यादीत, या सगळ्यांना वेगवेगळे नंबर आहेत, त्यामुळे मित्सुकुनीचं नाव साध्या 'देश'नं सर्च केलं तर सापडेलच असं नाही.