युव्हेंटसचा महिला संघ आणि सेरी आमधील जागेचा हक्क : पार्श्वभूमी

तुरीनच्या युव्हेंटस क्लबचा महिला संघ 1 जुलै 2017 रोजी अस्तित्वात आला आणि पुढच्या आठ हंगामांत त्याने इटलीतील महिलांची सर्वोच्च साखळी स्पर्धा, सेरी आ, सहा वेळा जिंकली. या यशाची हकीकत बहुतेक ठिकाणी 2017 पासूनच सांगितली जाते. परंतु खालच्या श्रेणीतून पायरी-पायरीने वर येण्याची फुटबॉलमधली रीत बाजूला ठेवून हा संघ पहिल्याच वर्षी थेट सर्वोच्च श्रेणीत कसा उतरला, हे समजून घेतल्याशिवाय इटलीतील महिला फुटबॉलचे गेले दशक नीट कळत नाही. त्याचे उत्तर तुरीनमध्ये नसून त्याच पिएमाँट प्रांतातल्या कुनेओ या गावात आहे. तेथील महिला क्लब 2016-17 मध्ये सेरी आमध्ये खेळत होता आणि युव्हेंटसने त्या क्लबकडून त्याची स्पर्धेतील जागा घेतली.

या जागेला इटालियनमध्ये ‘तितोलो स्पोर्तिवो’ म्हणतात आणि सगळा गोंधळ या शब्दापाशी सुरू होतो. त्याचे शब्दशः भाषांतर केले की ‘क्रीडा किताब’ असे काहीतरी हाती येते आणि वाचकाला वाटते की हा विषय विजेतेपदाचा आहे. विजेतेपदाला इटलीत ‘स्कुदेत्तो’ म्हणतात, म्हणजे विजेत्यांच्या जर्सीवर पुढच्या वर्षी शिवली जाणारी छोटी ढाल. ‘तितोलो स्पोर्तिवो’ ही वेगळी गोष्ट आहे. एखादा क्लब मैदानावरील कामगिरीच्या जोरावर अमुक श्रेणीत खेळण्यास पात्र आहे, ही इटालियन फुटबॉल महासंघाने दिलेली मान्यता म्हणजे ‘तितोलो स्पोर्तिवो’. ती क्लबच्या मालकीची वस्तू नाही. महासंघाच्या अंतर्गत नियमावलीतील 52 वे कलम तर स्पष्टच सांगते की या हक्काचे पैशांत मोल करता येणार नाही आणि तो कोणत्याही परिस्थितीत हस्तांतरित करता येणार नाही.

मग कुनेओचा हक्क तुरीनला गेला कसा? 2015 च्या सुमारास महासंघाने महिला फुटबॉलपुरता या नियमाला अपवाद केला आणि पुरुषांच्या व्यावसायिक क्लबांना अस्तित्वात असलेल्या महिला क्लबांचा हक्क स्वीकारण्याची वाट मोकळी करून दिली. त्याच काळात या व्यावसायिक क्लबांवर लहान मुलींची नोंदणी करण्याचे बंधनही घालण्यात आले. महिला क्लब कर्जात आणि तुटपुंज्या साधनांत जगत आहेत, मोठ्या क्लबांकडे मैदाने, वैद्यकीय पथके आणि प्रायोजक आहेत, तेव्हा दोघांची सांगड घालावी, असा त्यामागचा हिशेब होता. तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण जो हक्क पुरुषांच्या खेळात विकण्यापलीकडचा मानला गेला, तोच महिलांच्या खेळात हस्तांतरणीय ठरवला गेला, ही विसंगती तेव्हाही टोचणारी होती आणि आजही आहे. या वाटेने सर्वप्रथम फ्लॉरेन्सचा फिओरेन्तिना क्लब गेला. 2015 मध्ये त्याने फ्लॉरेन्समधील महिला क्लबची जागा घेतली आणि 2016-17 मध्ये विजेतेपद मिळवले.

या निर्णयाची किंमत कोणी मोजली, हे युव्हेंटसच्या पहिल्याच हंगामात दिसले. 2017-18 च्या अखेरीस युव्हेंटस आणि ब्रेशा या दोन संघांचे गुण समान झाले. ब्रेशाचा महिला क्लब 1985 पासूनचा. 2014 आणि 2016 मध्ये तो विजेता ठरला होता. युव्हेंटसची पहिली कर्णधार आणि राष्ट्रीय संघातील आणखी काही खेळाडू आदल्या वर्षापर्यंत ब्रेशाकडूनच खेळत होत्या. 20 मे 2018 रोजी नोव्हारा येथे निर्णायक सामना झाला. जादा वेळेतही गोल झाला नाही आणि पेनल्टींवर युव्हेंटसने 5-4 अशी बाजी मारली. एका पेनल्टीचा फरक. त्यानंतर काही आठवड्यांतच ब्रेशाचा हक्क मिलान क्लबकडे गेला आणि ज्या क्लबने नुकतीच विजेतेपदासाठी शेवटच्या फटक्यापर्यंत झुंज दिली होती, त्याला प्रादेशिक पातळीवरून पुन्हा सुरुवात करावी लागली. त्याच उन्हाळ्यात रेस रोमा या महिला क्लबची जागा रोमा या मोठ्या क्लबने घेतली.

आणखी मागचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1933 मध्ये मिलानमधील तरुणींनी स्थापन केलेला गट फॅसिस्ट राजवटीने काही महिन्यांतच बंद पाडला. 1968 मध्ये महिलांचे पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद झाले आणि 1986 मध्ये महिला फुटबॉल मुख्य महासंघात, पण त्याच्या हौशी विभागात, सामील करून घेण्यात आले. तुरीनपुरती एक नोंद मात्र येथे करायलाच हवी. जुलै 1970 मध्ये याच शहरात महिलांच्या अनधिकृत विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि डेन्मार्कने इटलीला 2-0 असे हरवले, तेव्हा सुमारे 40 हजार प्रेक्षक होते असे सांगितले जाते. 24 मार्च 2019 रोजी युव्हेंटसने आपल्या पुरुष संघाच्या मैदानात फिओरेन्तिनाविरुद्ध सामना खेळवला. प्रवेश विनामूल्य होता, 39,027 प्रेक्षक आले आणि युव्हेंटसने 1-0 असा विजय मिळवला. या आकड्याचे वर्णन ‘प्रेक्षक अखेर आले’ असे झाले. तुरीनमध्ये ते एकोणपन्नास वर्षांपूर्वीही आले होते.

‘हौशी’ हा शब्दही असाच फसवा आहे. 1981 च्या 91 क्रमांकाच्या कायद्याने खेळाडूंच्या रोजगाराची चौकट ठरवली, परंतु कोणती स्पर्धा व्यावसायिक मानायची हा निर्णय त्या-त्या खेळाच्या महासंघावर सोडला. फुटबॉल महासंघाने महिलांच्या एकाही स्पर्धेला तो दर्जा दिला नाही. त्यामुळे रोज सराव करणाऱ्या, राष्ट्रीय संघाकडून खेळणाऱ्या स्त्रिया कायद्याच्या लेखी हौशी राहिल्या. त्यांच्याशी नोकरीचा करार होत नसे, केवळ ‘आर्थिक समझोता’ होई आणि त्याची वार्षिक कमाल मर्यादा 30,658 युरो होती. निवृत्तिवेतनाचे संरक्षण नव्हते. 2018 मध्ये वरच्या दोन श्रेणी हौशी विभागाकडून काढून महासंघाच्या थेट नियंत्रणाखाली आणल्या गेल्या, तेव्हा हौशी विभागाने त्याविरुद्ध कायदेशीर दाद मागितली. 2019 च्या विश्वचषकात वीस वर्षांनी उतरलेला इटलीचा संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला आणि दबाव वाढला. जून 2020 मध्ये महासंघाने टप्प्याटप्प्याने बदलाचा निर्णय घेतला आणि 1 जुलै 2022 पासून महिलांची सेरी आ व्यावसायिक झाली.

तोवर युव्हेंटसने सलग पाच विजेतेपदे मिळवली होती. त्यातील 2019-20 चे महासाथीमुळे थांबलेल्या हंगामानंतर बहाल झाले, तर 2020-21 मध्ये संघाने 22 पैकी 22 सामने जिंकले. म्हणजे या काळातल्या इटलीतील सर्वांत यशस्वी अशा या संघाची पहिली पाचही विजेतेपदे कायद्याने हौशी ठरवलेल्या खेळाडूंनी मिळवलेली आहेत. त्यानंतरची दोन वर्षे रोमाची होती आणि 2024-25 मध्ये युव्हेंटसने व्यावसायिक काळातले आपले पहिले विजेतेपद मिळवले.

2022-23 च्या त्या पहिल्या व्यावसायिक हंगामात दहा संघ होते. सांपदोरियाची जागा आदल्या वर्षी तस्कनीतील फ्लोरेन्तिया सान जिमिन्यानो या क्लबकडून आलेली होती, पार्माची त्याच उन्हाळ्यात एम्पोलीकडून, सास्सुओलोची 2016 मध्ये रेज्जानाकडून, मिलानची ब्रेशाकडून आणि युव्हेंटसची कुनेओकडून. हौशी म्हणवून घेत ज्यांनी ही श्रेणी वर्षानुवर्षे चालती ठेवली, त्या क्लबांपैकी बहुतेकांचे नाव व्यावसायिक दर्जा मिळाला त्या दिवशी यादीत नव्हते. ब्रेशाचा क्लब त्या वेळी दुसऱ्या श्रेणीत, सेरी बीमध्ये, खेळत होता.