ब्रेस कुठला ते राहू दे, घालतेस किती तास?

कमरेचा पट्टा काय, मेडिकलमध्ये साइज सांगितली की मिळतो. पण वाढत्या वयातल्या मुलीचा मणका वाकडा होत चाललाय, म्हणजे स्कोलिओसिस आहे, तिथे ब्रेस (बाक वाढू नये म्हणून अंगाला घट्ट बसवलेला साचा) द्यायचा का, कुणाला, किती तास, याचं पुराव्यासकट उत्तर अगदी २०१३ पर्यंत धड नव्हतं. ब्रेस मात्र चारेकशे वर्षं जुने.

१६व्या शतकात फ्रान्सचा सर्जन आंब्रुआज पारे लोखंडी कॉर्सेट वापरायचा, वजन कमी व्हावं म्हणून पत्र्याला भोकं पाडलेली. १८७० च्या दशकात न्यूयॉर्कचे लुईस सेयर पेशंटला हनुवटी-डोक्याच्या पट्ट्याने वर टांगायचे आणि तसंच लटकलेलं असताना अंगावर प्लास्टर चढवायचे. मग १९४० च्या दशकात ब्लाउंट आणि श्मिट यांचा मिलवॉकी ब्रेस, तोही मूळ पोलिओच्या पेशंटना ऑपरेशननंतर आधार म्हणून. कमरेला घट्ट साचा, पुढे एक दांडा, मागे दोन, आणि गळ्याभोवती रिंग. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये हनुवटीवर इतका दाब यायचा की जबडा आणि दातांची ठेवण बिघडायची. ७० च्या दशकात बॉस्टनला हॉल आणि मिलर यांनी काखेखालचा प्लॅस्टिकचा ब्रेस आणला, शर्टाखाली लपतो म्हटल्यावर मुलींनी सुटकेचा श्वास सोडला असणार.

मधल्या काळात कॉबचा अँगल (१९४८) आणि रिसरची खूण (१९५८) आली, बाक किती आणि हाडांची वाढ किती बाकी हे मोजता यायला लागलं. तरी जो तो आपल्या ब्रेसचे गोडवे गायचा, कारण ज्या मुलींचा बाक तसाही वाढणार नव्हता त्यासुद्धा यशात धरल्या जायच्या! १९९५ मध्ये नाकेमसन यांच्या टीमने २८६ मुलींचा अभ्यास केला, ब्रेसवाल्या गटात ७४ टक्के यश, नुसतं लक्ष ठेवलेल्या गटात ३४. पण गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे शंका राहिलीच.

ती फिटली २०१३ च्या ब्रेस्ट (BrAIST) नावाच्या ट्रायलने. अमेरिका-कॅनडातली २५ सेंटर, २४२ मुलं, बाक २० ते ४० अंश. गंमत म्हणजे चिठ्ठीवर सोडायला बरेच आईबाप तयारच होईनात, म्हणून ११६ जणांची निवड चिठ्ठीने झाली आणि बाकी १२६ जणांनी आपापलं ठरवलं. वाढ पूर्ण होईपर्यंत बाक ५० अंशाच्या आत राहिला तर यश. ब्रेसमध्ये ७२ टक्के, बिनब्रेस ४८. फरक इतका दिसला की ट्रायल वेळेआधीच थांबवली.

पण खरी मजा सेन्सरची. ब्रेसमध्ये तापमान मोजणारा छोटा सेन्सर बसवलेला, अंगावर असला की गरम, खुंटीला असला की गार, त्यामुळे "हो डॉक्टर, घालते ना" ला काही अर्थ उरला नाही. सांगितलेले १८ तास, प्रत्यक्षात सरासरी १२ च्या आसपास. जवळजवळ १३ तास किंवा जास्त घालणाऱ्यांमध्ये यश ९० टक्क्यांच्या वर, आणि सहा तासांच्या आत आटपणाऱ्यांमध्ये ४१, म्हणजे न घातल्यासारखंच. आणि हो, कुठल्या मेकचा ब्रेस भारी हे या ट्रायलने तपासलेलंच नाही, त्यामुळे जाहिरातीत कुणी हिचा दाखला देत असेल तर जरा सांभाळून. शिवाय बिनब्रेसचे ४८ टक्के पण सुटलेच होते, म्हणजे काही जणांना उगाच घालायला लावतोय हेही मान्य करावं लागतं.