बंद झालेल्या केस-प्रसाधनाला पर्याय हवा असल्यास रिकामी बाटली टाकून देऊ नका

वर्षानुवर्षे वापरलेला कंडिशनर किंवा क्रीम मिळेनासे झाले, की ‘अगदी तसेच दुसरे द्या’ अशी विचारणा आमच्याकडे जवळजवळ रोज होते. पर्याय शोधून देणे हे आमचे आवडीचे काम आहे. मात्र त्यासाठी जी वस्तू सर्वाधिक उपयोगी पडते, ती जुनी बाटली बहुतेक ग्राहकांनी तोवर कचऱ्यात टाकलेली असते.

बरेच जण बाटलीच्या दर्शनी बाजूचे छायाचित्र पाठवतात. त्यावरून आम्हाला नाव आणि रंग कळतो, परंतु आत काय होते ते कळत नाही, कारण ‘कोरड्या केसांसाठी’ हे शब्द दोन अगदी भिन्न प्रसाधनांवर सारखेच छापलेले असतात. आम्हाला हवी असते ती मागची बारीक अक्षरांतली घटकांची यादी. तीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात. फक्त एक टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. ही सीमा ओळखण्याची एक सोपी खूण आहे. फिनॉक्सिएथॅनॉल हा टिकाऊपणासाठी घातला जाणारा घटक युरोपीय नियमांनुसार एक टक्क्यापेक्षा जास्त वापरता येत नाही, त्यामुळे त्या नियमांनुसार बनलेल्या प्रसाधनात त्याच्या मागून येणारे घटक फार तर तेवढेच असतात. नावात ‘अर्गन’ असलेल्या क्रीममध्ये अर्गन तेल या खुणेच्या मागे असेल, तर केस मऊ होत होते ते बहुधा बेहेनट्रायमोनियम क्लोराइड, सेटिअरिल अल्कोहोल किंवा अमोडायमेथिकोन यांच्यामुळे. अशा वेळी दुसरे ‘अर्गन’ आणून निराशाच पदरी पडते. (सेटिअरिल अल्कोहोल या नावाला घाबरू नये, ते मेणासारखे स्निग्ध द्रव्य असून केस कोरडे करत नाही.)

एका बाईंनी आणलेल्या ट्यूबवरची अक्षरे न्हाणीघरातल्या पाण्याने पार पुसली गेली होती, आणि उरलेसुरले क्रीम काढण्यासाठी त्यांनी ती कात्रीने उभी कापलेली होती. सुदैवाने तिचे पुठ्ठ्याचे खोके त्यांनी केसांच्या पिना ठेवायला जपले होते. त्या खोक्यावरची यादी वाचून आम्ही त्याच दिवशी जवळचा पर्याय देऊ शकलो. एरवी अशा शोधात दोन-तीन आठवडे सहज जातात.

कधी कधी प्रसाधन बंद झालेले नसते, तर नाव तेच ठेवून त्याची रचना बदललेली असते. युरोपीय संघात ३१ जानेवारी २०२० नंतर धुऊन टाकण्याच्या प्रसाधनांतील डी४ आणि डी५ या, केसांना गुळगुळीतपणा देणाऱ्या सिलिकोनांवर ०.१ टक्क्याची मर्यादा आली, तर १ मार्च २०२२ पासून लिलियल या सुगंधी द्रव्यावर बंदी आली. त्यामुळे अनेक उत्पादकांना जुनी रचना बदलावी लागली. म्हणून वास बदलला एवढ्यावरून ‘नकली माल’ असा निष्कर्ष काढू नये, जुनी आणि नवी यादी शेजारी ठेवून पाहावी. अनोळखी विक्रेत्याकडून जुना साठा चढ्या दराने घेण्यापूर्वी मात्र अंतिम तारीख अवश्य तपासावी.

फोनवर केवळ नाव ऐकून आम्ही पर्याय सुचवत नाही, याचे काहींना वाईट वाटते. पण अंदाजाने दिलेली मोठी बाटली घरी पडून राहिली तर नुकसान तुमचेच होते, आणि उघडलेली बाटली स्वच्छतेच्या कारणास्तव आम्हाला परत घेता येत नाही. म्हणूनच यादी जुळवल्यावर आम्ही आधी नमुन्याची पुडी देतो. ती किमान तीन धुण्यांपर्यंत वापरावी, कारण जुन्या प्रसाधनाचा थर केसांवर राहिलेला असू शकतो आणि पहिल्या धुण्याचा अनुभव फसवा ठरतो. पूर्वी कशाची ॲलर्जी झाली असल्यास कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून ४८ तास वाट पाहावी.

बाटलीच्या तळाशी दोन चमचे उरलेले असतानाच ती घेऊन यावे. यादीसोबत क्रीमचा दाटपणा बोटांवर घेऊन पाहता आला, तर पर्याय अधिक नेमका निवडता येतो.