विरघळणाऱ्या इम्प्लांटमधील मॅग्नेशियम मिश्रधातूंचे थकवाबल

एका झटक्यात धातू तोडू न शकणारा ताण हजारो-लाखो वेळा येत राहिला, तर तोच धातू तुटतो. अशा पुन:पुन्हा येणाऱ्या ताणाला धातू किती मर्यादेपर्यंत दाद देत नाही, याचे माप म्हणजे थकवाबल. प्रयोगशाळेत याला सगळे ‘फटीग’च म्हणतात. जर्मन अभियंता आउगुस्ट व्होलर याने १८६० च्या दशकात रेल्वेच्या आसांवर या प्रकाराचा पद्धतशीर अभ्यास केला. उभ्या अक्षावर ताण आणि आडव्या अक्षावर आवर्तनांची (ताण किती वेळा आला त्याची) संख्या, हा तेव्हापासूनचा आलेख आजही तसाच काढतात. पोलादाच्या बाबतीत हा आलेख एका ठिकाणी आडवा होतो. त्या ताणाखाली तुकडा कितीही काळ टिकेल असे मानायला हरकत नसते. शरीरात इम्प्लांट म्हणून बसवलेल्या मॅग्नेशियमला ही सवलत नाही. ताण येवो न येवो, तो गंजतच असतो.

आणि त्याने गंजावे म्हणूनच त्याला शरीरात बसवलेले असते. मोडलेले हाड जुळेपर्यंत स्क्रूने आधार द्यावा आणि मग विरघळून जावे, म्हणजे तो काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया नको, असा हा बेत आहे. मॅग्नेशियमची घनता घन सेंटिमीटरला १.७४ ग्रॅम आहे, म्हणजे टायटॅनियमच्या निम्म्याहूनही कमी. त्याचा ताठपणा सुमारे ४५ गिगापास्कल. टायटॅनियम मिश्रधातूचा ११० च्या आसपास आणि स्टेनलेस स्टीलचा २०० च्या जवळ. हाड यांपैकी मॅग्नेशियमलाच सर्वांत जवळचे, त्यामुळे इम्प्लांट सगळा भार स्वतःवर ओढून घेऊन हाडाला आळशी करत नाही. शिवाय माणसाच्या शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम मुळातच असते आणि त्यातले निम्म्याहून अधिक हाडांत असते.

अडचण किती मोठी आहे ते दोन मिश्रधातूंवरून कळते. एझेड९१ हा ॲल्युमिनियम आणि जस्त असलेला ओतीव प्रकार, वाहनांच्या सुट्या भागांसाठी जुना व परिचित. हवेतील चाचणीत त्याने १ कोटी आवर्तनांना सुमारे ५० मेगापास्कल ताण सोसला. ३७ अंश सेल्सिअसच्या कृत्रिम शरीरद्रवात (शरीरातल्या द्रवासारख्या खाऱ्या पाण्यात) मात्र १० लाख आवर्तनांनाच हा आकडा २० वर आला. डब्ल्यूई४३ या यिट्रियम व विरल मृदा धातू असलेल्या, साच्यातून दाबून काढलेल्या मिश्रधातूचे थकवाबल हवेत ११० आणि द्रवात ४० मेगापास्कल भरले, दोन्ही १ कोटी आवर्तनांना. म्हणजे द्रवात बुडवताच साधारण साठ टक्के बळ गेले. म्हणून मॅग्नेशियमच्या इम्प्लांटबद्दल नुसते ‘थकवाबल इतके’ असे कोणी सांगितले, तर कोणत्या द्रवात आणि किती वेगाने, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

पॉलिश केलेला नमुना या द्रवात सोडला की थोड्याच वेळात पृष्ठभागावर बारीक बुडबुडे धरू लागतात. तो हायड्रोजन असतो. पाण्याशी संयोग होऊन मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड बनते आणि वायू सुटतो. एक ग्रॅम धातूमागे जवळजवळ एक लिटर. हायड्रॉक्साइडचा पातळ थर धातूला झाकतो खरा, पण द्रवातले क्लोराइड तो थर जागोजागी कुरतडतात आणि खाली खड्डे पडतात. आता यावर आवर्ती ताण द्या. प्रत्येक खेचीत थर तडकतो, ताजा धातू उघडा पडतो, तो गंजतो, आणि पुढच्या खेचीत तडा आणखी आत जातो. तड्याच्या टोकाशी शिरलेला हायड्रोजन धातूला ठिसूळ करतो ते वेगळेच. तुटलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की फरक दिसतो: ओतीव मिश्रधातूत हवेतला तडा ओतकामातल्या एखाद्या सूक्ष्म पोकळीतून निघालेला असतो, द्रवातला गंजाच्या खड्ड्यातून. दरम्यान तुकडा बारीक होत जातो, त्यामुळे भार तोच राहिला तरी ताण वाढतो.

चाचणीचा वेग हा यातला सर्वांत निसरडा भाग आहे. सेकंदाला २० आवर्तने दिली तर १ कोटीचा टप्पा सहा दिवसांच्या आत गाठता येतो. माणसाच्या चालीइतक्या, म्हणजे सेकंदाला एक अशा वेगाने त्यालाच जवळजवळ चार महिने लागतात, आणि तेवढा वेळ गंजाला मिळतो. घाईची चाचणी गंजाला कामच करू देत नाही आणि आकडा फुगतो. उलट, प्रयोगशाळेतल्या द्रवांत मॅग्नेशियम बहुधा शरीरातल्यापेक्षा लवकर गंजते, कारण प्रत्यक्ष ऊतींमध्ये प्रथिने असतात आणि द्रवाची हालचाल वेगळी असते. दोन्ही चुका एकमेकींना खोडून काढतील असे समजून चालणे मात्र भाबडेपणाचे आहे.

आवर्तने किती, हेही जागेवर अवलंबून असते. पायाच्या हाडातल्या स्क्रूवर एका पायाची रोजची तीन हजार पावले धरली, तर बारा आठवड्यांत अडीच लाख आवर्तने होतात. मिनिटाला ७२ ठोक्यांच्या हिशेबाने हृदयाच्या रक्तवाहिनीतला स्टेंट तेवढ्याच काळात ८७ लाख वेळा ताणला जातो. ठोक्याचा ताण लहान असतो. पण स्टेंट आधी फुग्यावर दाबून बसवलेला आणि मग फुगवून कायमचा वाकवलेला असतो. ज्या वळणांवर तो सर्वाधिक वाकला, तिथेच पुढे गंज आणि तडे यांना आयती जागा मिळते.

बेल्जियन शल्यविशारद आल्बँ लाम्बोत याने १९०६ मध्ये एका सतरा वर्षांच्या रुग्णाच्या पायाचे हाड मॅग्नेशियमच्या पट्टीने जोडले, खिळे मात्र सोन्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचे वापरले. आठ दिवसांत पट्टी विरून गेली आणि त्वचेखाली वायू साठला. हे थकव्याचे नव्हे, बॅटरीचे प्रकरण होते: दोन वेगळे धातू आणि मध्ये खारा द्रव. पुढे जर्मनीत बनलेल्या मॅग्नेझिक्स या स्क्रूला २०१३ मध्ये युरोपीय मान्यता मिळाली. त्याची २६ रुग्णांतली सुरुवातीची चाचणी पायाच्या अंगठ्याचे हाड सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेतली होती. लहान हाड, मर्यादित भार. द्रवात इतके बळ गमावणारा धातू घेऊन मांडीच्या हाडाकडे न जाण्याचे शहाणपण त्यात दिसते.

बळ वाढवण्याचे सर्वांत भरवशाचे उपाय धातूच्या पोटात आहेत. ओतकामाऐवजी दाबून काढलेला, बारीक कणांचा, पोकळ्या नसलेला आणि शुद्ध धातू घ्यायचा. शुद्ध मॅग्नेशियममध्ये लोहाची मर्यादा दहा लाख भागांत सुमारे १७० भाग मानतात. त्यापुढे गंज एकदम उसळतो. ॲल्युमिनियमने बळ वाढते, पण चेतासंस्थेवरील परिणामांच्या शंकेमुळे इम्प्लांटसाठी जस्त-कॅल्शियम मिश्रधातूंकडे ओढा आहे. पृष्ठभागावरचे उपाय दुधारी आहेत. विद्युत ठिणग्यांनी चढवलेला ऑक्साइडचा थर गंज रोखतो, पण तो सच्छिद्र आणि ठिसूळ असल्याने हवेतले थकवाबल कधी कधी खालीच आणतो. बारीक गोळ्यांचा मारा केला तर पृष्ठभागात दाबाचा ताण बसतो आणि तडे उशिरा उघडतात. मात्र गोळ्या पोलादाच्या असतील तर लोहाचे कण मागे राहतात आणि नेमका तिथेच पहिला खड्डा पडतो. त्यासाठी सिरॅमिकच्या गोळ्या किंवा रोलरने दाबणे बरे पडते.