लॅपटॉपवर थेट इफेक्ट्स: उशिराची पार्श्वभूमी

तार छेडली आणि इफेक्ट लागलेला आवाज कानी आला, यामधला उशीर म्हणजे लेटन्सी; लॅपटॉपवर तो कुठून आला, त्याची ही गोष्ट. संगणकाकडून आकडेमोडीने नाद घडवून घेण्याचे प्रयोग १९५७ पासूनचे. मात्र तेव्हा काही सेकंदांच्या आवाजासाठी यंत्र कितीतरी वेळ आकडेमोड करत बसे. १९८३ मध्ये मिडी, म्हणजे वाद्यं आणि संगणक जोडणारी सामाईक भाषा, आली आणि घरगुती संगणक स्टुडिओत शिरला, पण केवळ सुरांच्या सूचना पाठवण्यापुरता. प्रत्यक्ष आवाज टेपवर जायचा आणि रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला दिलेला घुमारा, रॅकमधल्या पेटीतून यायचा. १९९६ मध्ये एका जर्मन कंपनीने इक्यू (खर्ज-तार कमी-जास्त करणारा इफेक्ट), रिव्हर्ब वगैरे वेगळ्या कार्डाशिवाय, संगणकाच्या प्रोसेसरवरच चालवून दाखवले. पुढच्याच वर्षी तिने आसिओ ड्रायव्हरची (ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि संगणक यांच्यातला दुवा) पद्धत आणली: रेकॉर्डिंगचा प्रोग्राम थेट साउंड कार्डाशी बोलणार, मध्ये ऑपरेटिंग सिस्टीमची लुडबुड नाही.

लुडबुड खरी वाढली ती त्यानंतर. विंडोज ९८ पासून सगळ्या प्रोग्रामांचे आवाज सिस्टीमच्या गाभ्यातल्या एका सामाईक मिक्सरमधून जाऊ लागले. कारण रास्त होतं. स्वस्त कार्ड एका प्रोग्रामने धरलं की दुसरा मुका व्हायचा. आता गेमही वाजे आणि मेल आल्याची टिंगही. पण या मिक्सरमध्येच जवळपास ३० मिलिसेकंद जात. तेवढ्या वेळात हवेतला आवाज दहा मीटर पुढे जातो. म्हणजे गिटारवाल्याने तार छेडायची आणि ॲम्प हॉलच्या दुसऱ्या टोकाला ठेवल्यासारखा ऐकायचा. ड्रम पॅड वाजवणारा तोपर्यंत तालातून घसरलेला असतो.

या निर्णयाची बाजू घेणारे म्हणतात, कोट्यवधी लोकांना टिंग हवी होती, गिटार मूठभरांची होती. हे मान्य केलं तरी मिक्सर टाळण्याचा राजमार्ग का ठेवला नाही, याचं उत्तर मिळत नाही. चोरवाट होती, पण ती मोजक्याच प्रोग्रामांनी वापरली. बाकीच्यांसाठी विंडोज एक्सपीच्या काळात दोनच पर्याय: आसिओ ड्रायव्हर असलेलं महागडं कार्ड घ्या, किंवा त्याच चोरवाटेला आसिओचा मुखवटा चढवणारा फुकटचा ड्रायव्हर टाका. आपल्याकडच्या घरगुती स्टुडिओंना या मुखवट्याने किती वर्षं तारलं, याची नोंद कुठे होत नाही. मॅकच्या २००१ च्या नव्या सिस्टीमने तर अनेक प्रोग्राम एकत्र वाजवणं आणि कमी उशीर, दोन्ही एकाच वेळी साधलं. तेव्हा ‘शक्यच नव्हतं’ हा युक्तिवाद टिकत नाही.

विंडोजने कार्ड एकाच प्रोग्रामच्या ताब्यात देण्याची अधिकृत सोय व्हिस्टात, २००७ मध्ये केली. तोवर ऑडिओ इंटरफेस (माइक-गिटार संगणकाला जोडणारी पेटी) बनवणारे आसिओवर स्थिरावले होते, ते आजही तिथेच आहेत. त्याचे काटेही आपल्याच वाट्याला: बरेच आसिओ ड्रायव्हर एका वेळी एकाच प्रोग्रामला दाद देतात, म्हणून रेकॉर्डिंग उघडलं की स्क्रीनवरच्या दुसऱ्या खिडकीतलं तानपुऱ्याचं ॲप गप्प. परवान्याच्या अटींमुळे काही मुक्त-स्रोत प्रोग्रामांना आसिओ सोबत देताच येत नसे, तो वाद वेगळा.

आता आकडे सुसह्य आहेत. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने (सॅम्पल) घेताना, १२८ सॅम्पलचा बफर (एका खेपेला हाताळला जाणारा तुकडा) म्हणजे २.७ मिलिसेकंद, जाऊन-येऊन दुप्पट, शिवाय आवाजाचे आकडे करणारा कन्व्हर्टर आणि यूएसबीचे थोडे. बफर याहून उतरवला की साधा लॅपटॉप कडकड करू लागतो. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग हा त्यावरचा जुना तोडगा, आणि खोक्यावर ‘झिरो लेटन्सी’ छापतात ते याच्या जोरावर. त्यात माइकचा आवाज संगणकाला वळसा घालून हेडफोनमध्ये येतो, पण कोरडा, म्हणजे इफेक्ट्सविना. गायक तो चालवून घेतो, फार तर रिव्हर्ब मागून मिसळून देता येतो. डिस्टॉर्शनच्या (गिटारच्या फाटक्या आवाजाच्या) भरवशावर वाजवणाऱ्याला मात्र नुसती तार ऐकू येते, म्हणून थेट कार्यक्रमात हा तोडगा त्याच्या कामाचा नाही. पुढे काही इंटरफेसमध्येच इफेक्ट्सची चिप बसवली गेली, म्हणजे रॅकमधली पेटी यूएसबी लावून परत आली.

लिनक्सवर या कामासाठी वेगळा पॅच (बदलाचा तुकडा) लावलेला कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, वापरण्याची रीत वीसेक वर्षं चालली. तो पॅच मूळ कर्नलमध्ये सामावला गेला २०२४ मध्ये.