नोंदवहीतल्या नर्स आणि वॉर्डातल्या नर्स

परिचारिकांच्या टंचाईवर संसदेत प्रश्न आला की २०२२-२३ च्या सुमारास सरकार एकच आकडा देत असे: देशात ३३.४१ लाख नर्सिंग कर्मचारी नोंदणीकृत आहेत आणि हजार लोकांमागे प्रमाण १.९६ आहे. निकष हजारी ३ चा सांगितला जातो. हे ३३ लाख म्हणजे राज्याराज्यांतल्या कौन्सिलांच्या नोंदवह्यांची बेरीज आहे. त्यात एएनएम (लहान अभ्यासक्रम केलेल्या सहायक परिचारिका-प्रसविका) आहेत, आखातात किंवा इंग्लंडला गेलेल्या आहेत, संसारासाठी काम सोडलेल्याही आहेत. आज वॉर्डात ड्युटीवर किती जणी उभ्या आहेत, हे त्या बेरजेतून कळत नाही. ही नोंदवही मुळात त्यासाठी बनलीच नव्हती.

ती बनली बनावट दाया आणि अर्धशिक्षित परिचारिकांना वेगळं काढण्यासाठी. १८९१ मध्ये मुंबईच्या जे.जे. इस्पितळात शिकायला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव पहिली भारतीय प्रशिक्षणार्थी म्हणून घेतलं जातं. त्या काळात ज्या इस्पितळात शिकायचं, त्याच इस्पितळाचा दाखला मिळायचा. मिशन इस्पितळांची परीक्षा मंडळं निराळी. दुसऱ्या शहरात गेल्यावर त्या दाखल्याचं वजन काय, हे ठरवणारं कोणी नव्हतं. मद्रासने १९२६ मध्ये नोंदणीचा कायदा केला, मुंबई इलाख्याने १९३५ मध्ये. राज्य झाल्यावर १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम आला आणि मुंबई, विदर्भ, मराठवाडा यांच्यासाठी एकच कौन्सिल झाली.

दरम्यान १९४६ मध्ये देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने परिचारिकांची स्थिती मांडली होती. सुमारे ७,००० नर्स, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. पुढच्याच वर्षी ३१ डिसेंबरला भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. त्यातली वाटणी नीट बघण्यासारखी आहे. अभ्यासक्रमाचा दर्जा आणि पदविकेची मान्यता दिल्लीकडे, नर्सचं नाव नोंदवणं आणि काढणं राज्याकडे. कॉलेज उघडायला परवानगी कोणी द्यायची, हे त्यात कुठेच ठसठशीत लिहिलेलं नव्हतं. तेव्हा नर्सिंग शाळा म्हणजे सरकारी किंवा मिशनच्या इस्पितळाचाच भाग असायची, त्यामुळे कोणाला त्याची गरज भासली नसावी.

टंचाईवर पहिला उतारा निघाला तो लहान अभ्यासक्रमाचा. १९५१ पासून दोन वर्षांच्या एएनएम तयार होऊ लागल्या. पुढे करतारसिंग समितीच्या १९७३ च्या शिफारशीनंतर त्यांची बहुउद्देशीय आरोग्यसेविका झाली आणि १९७७ मध्ये प्रशिक्षण दीड वर्षावर आलं. काम मात्र वाढलं. बाळंतपण, लसीकरण, कुटुंबनियोजन, वर रजिस्टरं भरणं. गावागावातल्या उपकेंद्रांत आरोग्यसेवा पोचली ती याच बायांच्या जिवावर, त्यामुळे या निर्णयाला नुसती तडजोड म्हणणं अन्यायाचं होईल. पण माणसं कमी पडली की शिक्षण आखूड करायचं, ही सवय तिथून लागली.

दुसरा उतारा खाजगी संस्थांचा. १९९० नंतर आणि विशेषतः परदेशी नोकऱ्यांची दारं उघडल्यावर जीएनएम (परिचारिकेची पदविका), बी.एस्सी. नर्सिंगची कॉलेजं भराभर वाढली, त्यातही दक्षिणेत. आता सगळ्यांना मान्यतेचा प्रश्न पडला. परिषद संस्थांची तपासणी करून याद्या काढायची. २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने सांगितलं की १९४७ च्या कायद्यात परिषदेला संस्थांना मान्यता देण्याचा अधिकारच नाही. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी मोकळी सोडलेली जागा न्यायालयात जाऊन उघडी पडली, आणि तोवर त्या जागेत मोठा धंदा उभा राहिलेला होता.

राज्याच्या हाती सगळं सोडल्यावर काय होऊ शकतं, ते मध्य प्रदेशात दिसलं. इमारत नाही, इस्पितळ नाही, एकच शिक्षक अनेक कॉलेजांत, अशा तक्रारींची याचिका जबलपूरच्या उच्च न्यायालयात गेली आणि तपासणी सीबीआयकडे आली. ३०८ पैकी १६९ कॉलेजं योग्य, ७३ मध्ये त्रुटी आणि ६६ अयोग्य, असा अहवाल झाला. मग मे २०२४ मध्ये सीबीआयने आपल्याच तपासणी पथकातल्या अधिकाऱ्याला लाच प्रकरणात अटक केली. 'योग्य' ठरलेल्या कॉलेजांची फेरतपासणी न्यायालयाला लावावी लागली. तपासणाऱ्याला कोण तपासणार, हा प्रश्न इथे अक्षरशः पुढे आला.

या पार्श्वभूमीवर ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा झाला. १९४७ चा कायदा रद्द करण्याची तरतूद त्यात आहे. केंद्रात २९ जणांचा आयोग, राज्यांत राज्य आयोग, आणि शिक्षण, मूल्यांकन आणि 'नीतिमत्ता व नोंदणी' अशी तीन मंडळं. संस्थांना परवानगी देणं या कायद्यात मूल्यांकन मंडळाचं काम आहे, तेव्हा कायद्यातली जुनी फट बुजली, हे खरं. मात्र जुन्या परिषदेत राज्य कौन्सिलांनी निवडून दिलेल्या परिचारिका असायच्या. नव्या आयोगात बहुतेक नेमणुका सरकारच्या. हा बदल मला खटकतो, कारण वॉर्डात काम केलेल्या माणसाचा आवाज त्यात आधीच क्षीण होता.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,५७० कोटी खर्चून १५७ नवी सरकारी नर्सिंग कॉलेजं मंजूर केली. जागा वाढतील. पण पगाराचं काय? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० खाटांपर्यंतच्या खाजगी इस्पितळातही किमान २०,००० रुपये द्यावेत असं सुचवलं होतं. ते लागू करणं राज्यांवर सोडलं गेलं आणि बऱ्याच ठिकाणी ते कागदावर राहिलं. महाराष्ट्रात मे २०२२ मध्ये सरकारी परिचारिकांनी संप केला, तो भरती बाह्यस्रोतातून करण्याच्या निर्णयाविरुद्ध. कायम पद रिकामं आणि कौन्सिलकडे नोंद झालेल्या मुली कंत्राटाच्या रांगेत, असं दोन्ही एकाच वेळी असू शकतं. वॉर्डात किती रुग्णांमागे एक नर्स हवी, याचे निकष परिषदेने आखलेले आहेत, सामान्य वॉर्डात शिक्षण रुग्णालयाला तिनामागे एक. ते पाळले नाहीत म्हणून मात्र कोणाचं रजिस्ट्रेशन जात नाही.