आधी पाणी ओसरायचे, आता चढते: खान्देशातल्या वेडर आणि शिकारी पक्ष्यांच्या हंगामाची पार्श्वभूमी

भुलाबाई बसायच्या सुमारास तापीवरचे हतनूर धरण भरू लागते. पावसाळाभर उघडे असलेले दरवाजे एकेक करून खाली येतात, पाणी काठाच्या बाभळींना टेकते आणि उन्हाळ्यात उघडी पडलेली सगळी पट्टी बुडते. वेडर, म्हणजे ओल्या चिखलात नि बोटभर पाण्यात चोच खुपसून किंवा टिपून खाणारे तुतवार, चिखल्या, टिलवे, पाणटिवळे, उत्तरेकडून नेमके याच आठवड्यांत खाली उतरत असतात. त्यांना लागणारा चिखल तेव्हा पाण्याखाली असतो. त्यामुळे सप्टेंबरात मोठ्या धरणाच्या भिंतीवर उभे राहून वेडर शोधणारा बहुधा रिकाम्या वहीने परततो. बदकेही अजून आलेली नसतात. पक्षी आलेले असतात, पण दुसरीकडे. ते कुठे, हे कळायला इथल्या पाण्याचा इतिहास पाहावा लागतो.

खान्देश 1906पर्यंत एकच जिल्हा होता. त्याच्या पश्चिम भागातल्या पक्ष्यांची पहिली नीट यादी जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने केली. ती 1880च्या दशकाच्या सुरुवातीला ए. ओ. ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली गेली. डेव्हिडसन हिंडला तेव्हा तापी, गिरणा, पांझरा, बुराई या नद्यांवर आजच्यासारखी अजस्र धरणे नव्हती. पांझराकाठी फड पद्धतीचे, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घेण्याच्या रीतीचे, दगडी बंधारे होते. ते बुटके, त्यांवरून पाणी सांडून पुढे जाई आणि खालचे पात्र मोकळे राही. हरताळ्यासारखे मोजके तलाव होते. भाद्रपद सरताना पूर ओसरला की वाळूचे बेट, गाळाची पट्टी, डबके असे सगळे आपोआप उघडे पडे. पाणी उतरायचे आणि वेडर यायचे, ही दोन वेळापत्रके तेव्हा जुळत होती.

डेव्हिडसनच्या कामाबद्दल एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, जरी ती वेडरची नाही. त्याने खान्देशात रानपिंगळ्याचे, म्हणजे एका लहान घुबडाचे, नमुने गोळा केले होते. पुढे शंभरावर वर्षे तो पक्षी कुणाला खात्रीने दिसला नाही. मधल्या काळात रिचर्ड माइनर्टझहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षी-संग्राहकाने 1914 साली गुजरातेत मांडवीजवळ तो मिळाल्याचे लिहिले होते. तो नमुना प्रत्यक्षात ब्रिटिश संग्रहालयातून उचललेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. ती नोंद बाजूला ठेवून, खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांकडे वळल्यावर पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या पक्षी-अभ्यासकांना नोव्हेंबर 1997मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला. चिठ्ठीवरची खोटी जागा शोध कित्येक दशके भलतीकडे नेऊ शकते. पक्षी नोंदवणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे.

मोठे पाणी आले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. गिरणा धरण 1969चे. गुजरातेतले उकाई 1972चे. त्याचे फुगवट्याचे पाणी नंदुरबार जिल्ह्यापर्यंत येते. हतनूर 1982चे. त्यानंतर तापीवर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथे बॅरेज, म्हणजे पात्रात पाणी अडवणारे दरवाजांचे बंधारे, झाले. बॅरेजच्या वर नदी वर्षभर तुडुंब राहते आणि वाळूची बेटे बुडून जातात. नदी सुरय, छोटी आर्ली, करवानक यांच्या अंडी घालण्याच्या जागा तिथे गेल्या. वेडरांच्या उतरण्याच्या जागाही गेल्या. शेतीला पाणी मिळाले हे खरेच, पण ही किंमत कुठे तरी लिहून ठेवलेली असावी.

हतनूरचे मात्र वेगळे झाले. तापी आणि पूर्णा या दोन्ही नद्यांचा गाळ चांगदेवच्या संगमाशी येऊन मिळतो. तो वाहून जावा म्हणून धरणाचे 41 दरवाजे पावसाळ्यात खुले ठेवतात आणि खरा साठा शेवटच्या पावसात करतात. तरीही गाळ साचलाच. सिंचनाच्या दृष्टीने हे दुखणे आहे. पक्ष्यांना त्यातून मैलोन्‌मैल उथळ पाणी मिळाले. म्हणूनच बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांच्या यादीत हतनूर आहे. पण त्याचा बहर रब्बीची आवर्तने सुटून पाणी उतरल्यावर, जानेवारीपासून पुढे. तेव्हाही उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत लगेच पेरणी होते, म्हणून चिखलाची पट्टी अरुंदच राहते.

मग सप्टेंबर-ऑक्टोबरात जायचे कुठे? गावतळी, न भरलेले पाझर तलाव, पूर ओसरलेली छोट्या नद्यांची पात्रे, आणि जलाशयाचे शेपूट, म्हणजे नदी जिथे साठ्यात शिरते ती जागा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना ऑक्टोबरात फळ्या बसवल्या की खालच्या अंगाचे पात्र आटते, डबकी उरतात आणि दोन-चार दिवस तिथे पक्षी दाटतात. ही तारीख गावात विचारून ठेवावी. धरणाच्या खालच्या पात्रात मात्र या काळात उतरू नये. दरवाजे उघडले की पाणी फार लवकर चढते. वरून वाळलेल्या काळ्या गाळावरही पाय टाकू नये. पापुद्रा बोटभर असतो, खाली मांडीभर चिखल.

येण्याचा क्रम बऱ्यापैकी ठरलेला आहे. हिरवा तुतवार आणि साधा तुतवार जुलैअखेर-ऑगस्टमध्येच हजर होतात. यांतले बहुतेक पक्षी पिल्ले मागे ठेवून निघालेले प्रौढ असतात. अंगावर विणीच्या पिसाऱ्याचे अवशेष, कडा झिजलेल्या. त्या वर्षीची पिल्ले सप्टेंबरात येतात. त्यांचा पिसारा कोरा, प्रत्येक पिसाला फिकट किनार, पाठ खवल्यांसारखी. हा फरक पाहिला तर नुसत्या संख्येपेक्षा जास्त कळते. शेकाट्या आणि कंठेरी चिखल्या इथले रहिवासीही आहेत, तेव्हा ते दिसले म्हणून स्थलांतर सुरू झाले असे धरू नये.

ओळखताना खान्देशात हमखास चूक होते ती काळ्या मातीमुळे. छोटा स्टिंट (टिलवा) काळ्या पायांचा आणि टेमिंकचा स्टिंट पिवळसर पायांचा, असे पुस्तकात असते. गाळ चिकटला की दोघांचेही पाय काळे. अशा वेळी छाती पाहावी: टेमिंकची छाती राखट-तपकिरी, सलग, छोट्याची मधोमध पांढरी. हिरवा आणि ठिपकेवाला तुतवार उडताना वेगळे काढावेत: हिरव्याचे पंख खालून जवळजवळ काळे, ठिपकेवाल्याचे फिकट. दुसरी अडचण हवेची. साडेनऊनंतर तापल्या जमिनीवर हवा थरथरते आणि स्कोप (तिपाईवरची दुर्बीण) 60 पटीवर नेला तर पक्षी नुसता वितळल्यासारखा दिसतो. 25-30 पटीवर थांबावे. सकाळी पूर्व काठावर उभे राहावे, म्हणजे ऊन पाठीशी येते.

शिकारी पक्ष्यांची वेळ नेमकी उलटी. जमीन तापून हवा वर उठू लागली की, साधारण साडेनऊ-दहानंतर, ते घिरट्या घेत चढतात. भर दुपारी निळ्या आकाशात ते ठिपकाही राहत नाहीत. पांढरे ढग असतील त्या दिवशी सापडतात. सप्टेंबरात पाणथळ भोवत्या, पाठोपाठ मॉन्टेग्यू आणि पॅलिड भोवते, खरूची, बुटेड गरुड. स्टेप गरुड ऑक्टोबर सरताना. मासेखाऊ कैकर जलाशयात बुडालेल्या झाडांच्या वाळक्या फांद्यांवर शोधावा.

भोवत्यांसाठी संध्याकाळ मोलाची. ते उंच गवतात जमिनीवर रातथारा करतात. सूर्यास्ताच्या तासभर आधी गवताळ गायरानापासून दीडशे-दोनशे मीटरवर स्थिर थांबावे, दोघांनी दोन दिशा वाटून घ्याव्यात आणि आत शिरणारे पक्षीच मोजावेत. घिरट्या मोजल्या की आकडा दुप्पट होतो. गवतात पाय टाकला तर थारा मोडतो. मॉन्टेग्यू नराच्या पंखावर मधून काळी रेघ जाते, पॅलिड नराला फक्त टोकाशी काळी पाचर. तपकिरी माद्या आणि पिल्ले लांबून ठरत नसतील तर ‘मॉन्टेग्यू किंवा पॅलिड’ एवढेच लिहावे. गायराने नांगरली गेली तिथे या रातथाऱ्यांचा पत्ताच पुसला जातो, म्हणून जी उरली आहेत त्यांवर दरवर्षी जायलाच हवे.

आशियाई पाणपक्षी गणना 1987पासून दर जानेवारीत होते. जानेवारीचा आकडा मुक्कामी पक्ष्यांचा. सप्टेंबरात दोन दिवस थांबून दक्षिणेला गेलेला पाणटिवळा त्यात कधीच येत नाही. ही पोकळी भरायला एकच तळे ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरअखेर दर आठवड्याला, त्याच वेळी, त्याच जागेवरून मोजावे. वहीत तारीख, गाव, वेळ, प्रौढ किती, पिल्ले किती, आणि त्यांच्या शेजारी पाण्याची पातळी: काठावरच्या ठरावीक दगडापासून पाणी किती पावले आत आहे आणि चिखलाची पट्टी किती रुंद.